मिलिसेकंदांची निवड : एमआरआयच्या चित्रातला फरक कुठून येतो

एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली की मेंदूचा एकच छेद तीन-चार वेगळ्या रूपांत दिसतो. एका चित्रात मेंदूच्या पोकळ्यांतले पाणी काळे असते. दुसऱ्यात तेच पाणी पांढरेशुभ्र होते. तिसऱ्यात ते पुन्हा काळे पडते, पण पोकळीच्या कडेचा आजाराचा डाग मात्र पांढरा उठून दिसतो. रुग्ण तोच, चुंबक तेच, छेदाची जागाही तीच. बदललेले असतात ते टेक्निशियनच्या पडद्यावरचे दोन-तीन आकडे, आणि ते सगळे वेळेचे आकडे असतात.

सीटी स्कॅनचे असे नसते. तिथे क्ष-किरण ऊतीत किती अडले यावर छटा ठरते. हाउन्सफील्डच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे १०००, मग यंत्र पुण्यातले असो की पॅरिसमधले. एमआरआयच्या नेहमीच्या चित्राला अशी ठरलेली मोजपट्टी नाही. त्यातला पांढरा किंवा काळा रंग ऊतीच्या गुणधर्मांतून जितका येतो तितकाच तो सिग्नल कधी उठवला आणि कधी टिपला यातूनही येतो. म्हणून एमआरआयमधला फरक समजून घ्यायचा तर प्रथम या वेळा समजून घ्याव्या लागतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता हा विषय नाही. वेळ चुकीची निवडली तर चित्र देखणे येऊनही त्यातून आजार निसटू शकतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

शरीराच्या स्वतःच्या वेळा

आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन आहे. त्याच्या अणुकेंद्रातला प्रोटॉन अगदी लहान चुंबकासारखा वागतो. १.५ टेस्ला इतक्या चुंबकीय शक्तीच्या यंत्रात हे प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेऱ्या घेतात, ३ टेस्लाच्या यंत्रात त्याच्या दुप्पट. नेमक्या याच वारंवारतेचा रेडिओ स्पंद दिला की त्यांचे एकत्रित चुंबकत्व मुख्य चुंबकाच्या दिशेतून बाजूला कलते आणि आडव्या पातळीत फिरू लागते. या फिरण्यातून यंत्राच्या कॉइलमध्ये सिग्नल उमटतो. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलेला हा परिणाम. त्यासाठी दोघांना १९५२ चे नोबेल मिळाले.

स्पंद थांबला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. कललेले चुंबकत्व हळूहळू मूळ दिशेने परत उभे राहू लागते. मूळच्या ६३ टक्क्यांपर्यंत ते परतायला लागणारा काळ म्हणजे टी-वन. त्याच वेळी आडव्या पातळीत एका तालात फिरणारे प्रोटॉन एकमेकांच्या प्रभावाने ताल सोडतात आणि सिग्नल विरत जातो. तो ३७ टक्क्यांवर उतरायला लागणारा काळ म्हणजे टी-टू.

हे दोन्ही काळ ऊतीगणिक वेगळे का असतात, याचे उत्तर निकोलास ब्लुमबर्गन, पर्सेल आणि रॉबर्ट पाउंड यांनी १९४८ मध्ये दिले. रेणू किती वेगाने लोळतो आणि वळतो यावर सगळे अवलंबून असते. मोकळ्या पाण्याचा रेणू फार वेगाने वळतो, त्यामुळे आपली ऊर्जा तो सहज सोडत नाही. त्याचा टी-वनही लांब आणि टी-टूही लांब. चरबीचे रेणू मध्यम गतीने हलतात, म्हणून त्यांचा टी-वन आखूड. प्रथिनांना आणि पेशींच्या आवरणांना लगटून असलेले पाणी संथ होते आणि त्याचा टी-टू घटतो. आजारात बहुधा सूज येते, म्हणजे मोकळे पाणी वाढते, आणि दोन्ही काळ लांबतात. एमआरआयच्या निदानातला मोठा भाग या एका वाक्यावर उभा आहे.

१.५ टेस्लाच्या यंत्रातले ढोबळ आकडे असे : चरबीचा टी-वन सुमारे २६० मिलिसेकंद, मेंदूतल्या श्वेतद्रव्याचा ६५०, करड्या द्रव्याचा ९५०, आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचा, म्हणजे सीएसएफचा, ४००० च्या आसपास. टी-टू यापेक्षा पुष्कळ आखूड : श्वेतद्रव्य ७५, करडे द्रव्य ९५, सीएसएफ सुमारे २०००.

माणसाने ठरवायच्या वेळा

या वेळा बदलणे आपल्या हातात नाही. आपल्या हातात आहे ते पाहण्याची वेळ निवडणे. एका स्पंदापासून त्याच छेदाला दिलेल्या पुढच्या स्पंदापर्यंतचा काळ म्हणजे टीआर. स्पंद दिल्यापासून सिग्नलचा प्रतिध्वनी टिपेपर्यंतचा काळ म्हणजे टीई. हा प्रतिध्वनी अर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधला. पहिल्या स्पंदानंतर काही वेळाने दुसरा स्पंद दिला की विस्कळीत झालेले प्रोटॉन पुन्हा तालात येतात, आणि चुंबकाच्या असमानतेमुळे हरवलेला सिग्नल परत मिळतो.

चुलीवरून लोखंडी तवा आणि ॲल्युमिनियमचे पातेले एकदमच उतरवले तर पहिल्या क्षणी दोन्ही सारखेच तापलेले असतात आणि तासाभराने दोन्ही सारखेच गार. कोणते लवकर निवते हे कळते ते फक्त मधल्या वेळेत हात लावून. टीआर आणि टीई निवडणे म्हणजे ही मधली वेळ शोधणे.

हिशेब करून पाहू. टीआर ५०० मिलिसेकंद ठेवला तर पुढचा स्पंद येईपर्यंत चरबीचे सुमारे ८५ टक्के चुंबकत्व परतलेले असते, श्वेतद्रव्याचे ५४, करड्या द्रव्याचे ४१ आणि सीएसएफचे अवघे १२ टक्के. जे परतले तेच पुढच्या स्पंदाने सिग्नल देऊ शकते. म्हणून चरबी पांढरी, श्वेतद्रव्य उजळ, करडे द्रव्य त्याहून मंद आणि पाणी काळे. टीई १०-२० मिलिसेकंदच ठेवला की टी-टूमधले फरक उमटायला वावच राहत नाही. हे टी-वन भारित चित्र. शरीररचना पाहायला ते उत्तम.

आता टीआर ५००० करा. श्वेत आणि करडे द्रव्य जवळपास पूर्ण परततात आणि टी-वनचा फरक मिटतो. मग टीई १०० केला तर सीएसएफचा ९५ टक्के सिग्नल शिल्लक राहतो, करड्या द्रव्याचा ३५ आणि श्वेतद्रव्याचा २६. हे टी-टू भारित चित्र. यात पाणी पांढरे, सूजही पांढरी, म्हणून आजार शोधायला सगळे आधी इकडेच वळतात. टीआर लांब आणि टीई आखूड ठेवला तर दोन्ही फरक मागे पडतात आणि ऊतीत एकूण प्रोटॉन किती आहेत तेवढेच उरते. या प्रोटॉन-घनता चित्रात गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, आणि तिच्यातली चीर चांगली दिसते.

टीई याहीपुढे, कित्येकशे मिलिसेकंदांपर्यंत ताणला की घन ऊतींचा सिग्नल जवळपास संपतो आणि फक्त साचलेला द्रव चमकतो. पित्तनलिकेत अडकलेला खडा दाखवणारी एमआरसीपी तपासणी याच एका निवडीवर चालते. तिला ना इंजेक्शन लागते, ना दुर्बीण.

फरक जिथे एकमेकांना खोडतात

इथवर सगळे सरळ वाटते. खरी अडचण अशी की टी-वन, टी-टू आणि प्रोटॉन-घनता हे तिन्ही प्रत्येक चित्रात एकत्रच असतात. ‘भारित’ चित्रात एकाचे वजन जास्त असते, बाकीचे दोन नाहीसे होत नाहीत.

करड्या द्रव्यात पाणी श्वेतद्रव्यापेक्षा जास्त. म्हणजे घनतेच्या जोरावर करडे द्रव्य उजळ दिसायला हवे. पण त्याचा टी-वन लांब असल्याने आखूड टीआरला ते मंद दिसते. टीआर वाढवत नेला की मध्ये एक अशी जागा येते जिथे हे दोन परिणाम एकमेकांना खोडतात आणि दोन्ही द्रव्ये एकाच छटेची होतात. वरचे ढोबळ आकडे घेतले तर आखूड टीईला ती जागा दीड सेकंदाच्या आसपास येते. म्हणजे निरोगी मेंदूतली सर्वांत ठळक सीमारेषासुद्धा चुकीच्या टीआरला पुसली जाते.

आजाराच्या बाबतीत हे अधिक गंभीर ठरते. सुजलेल्या भागाचा टी-वन लांब, म्हणून तो काळा व्हायला हवा. टी-टूही लांब, म्हणून तो पांढरा व्हायला हवा. टीआर आणि टीई दोन्ही मध्यम ठेवले तर दोन्ही ओढी समान होऊन डाग आजूबाजूच्या ऊतीत मिसळून जाऊ शकतो. म्हणून टी-वनसाठी दोन्ही वेळा आखूड आणि टी-टूसाठी दोन्ही लांब ठेवायची शिस्त आली. या शिस्तीमागे हे गणित आहे, ते लक्षात न घेता वेळ वाचवायला टीआर कापला की तडजोड सुरू होते. ५००० ऐवजी २००० मिलिसेकंदांचा टीआर घेतला तर पुढच्या स्पंदापूर्वी सीएसएफचे परतलेले चुंबकत्व ७१ टक्क्यांवरून ३९ वर येते. चित्र अजूनही टी-टूसारखेच दिसते, पण पाण्याचा पांढरेपणा बराच उतरलेला असतो.

आकड्याकडून चित्राकडे

या क्षेत्राचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या रेमंड दमादियन यांनी उंदरांच्या गाठींमधले टी-वन आणि टी-टू निरोगी ऊतीपेक्षा लांब असल्याचे ‘सायन्स’मध्ये मांडले. एक आकडा मोजा आणि कर्करोग ओळखा, अशी ती आशा होती. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी ‘नेचर’मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र छापले. त्याच लेखात एका नळीत मँगनीजचा क्षार मिसळून तिचा टी-वन आखूड केला होता, आणि रेडिओ शक्ती वाढवल्यावर शुद्ध पाण्याची नळी चित्रातून विझली होती. म्हणजे एमआरआयच्या पहिल्याच लेखात फरक निर्माण करण्याची युक्तीही होती. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले.

दमादियन यांची आशा त्या रूपात टिकली नाही. गाठ, सूज, जुना व्रण, साधे गळू यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. एकट्या टी-वनवरून कर्करोग ठरत नाही. वैद्यकाने मग दुसरी वाट धरली : अचूक आकड्याचा नाद सोडून, वेळा अशा निवडायच्या की डाग डोळ्याला दिसावा, आणि तो कुठे आहे, कसा आहे, वेगवेगळ्या वेळांना कसा वागतो यावरून निदान करायचे. पुढची तीस-पस्तीस वर्षे एमआरआय या वाटेने चालला, आणि या वाटेवरचे यश फार मोठे आहे.

नको तो सिग्नल विझवणे

या वाटेवरची सर्वांत सुंदर युक्ती म्हणजे उलटा स्पंद. आधी १८० अंशांचा स्पंद देऊन सगळे चुंबकत्व उलटे करायचे. मग ते परत येताना शून्यातून जाते, आणि प्रत्येक ऊती या शून्यातून वेगळ्या क्षणी जाते : साधारणपणे आपल्या टी-वनच्या ०.६९ पट काळाने. नेमक्या त्या क्षणी चित्रण सुरू केले की ती ऊती चित्रातून गायब होते. या थांबण्याच्या काळाला टीआय म्हणतात.

१.५ टेस्लाला टीआय १५० ते १७० मिलिसेकंद ठेवला की चरबी विझते. ही स्टर पद्धत लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या ग्रॅम बायडर आणि इयन यंग यांनी १९८५ मध्ये मांडली. हाडातल्या मज्जेची सूज, मणक्यातला संसर्ग, न दिसणारी बारीक चीर चरबीच्या पांढरेपणात लपते. स्टरमध्ये ती उघडी पडते. त्याच रुग्णालयातून १९९२ मध्ये फ्लेअर आली. तिथे टीआर ९००० आणि टीआय २४०० च्या आसपास ठेवून सीएसएफ विझवतात, पण टीई लांब ठेवून टी-टूचे वजन कायम ठेवतात. पोकळ्यांच्या कडेला असलेले मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग साध्या टी-टू चित्रात पाण्याच्या पांढरेपणात बुडतात. फ्लेअरने ते वर काढले. सुरुवातीला उल्लेख केलेले तिसरे चित्र ते हेच.

पण प्रत्येक युक्तीला तिची मर्यादा असते. स्टर चरबी ओळखत नाही, ती फक्त टी-वन ओळखते. गॅडोलिनियमचे इंजेक्शन दिल्यावर आजाराच्या भागाचा टी-वन आखूड होतो आणि चरबीजवळ पोहोचतो. अशा वेळी स्टर घेतली तर चरबीबरोबर आजारही विझू शकतो. म्हणून स्टर इंजेक्शनच्या आधी घ्यायची. फ्लेअर लहान मेंदू आणि मेंदूस्तंभातले काही डाग दाखवायला कमी पडते, तिथे साधे टी-टू लागतेच. भूल दिलेल्या रुग्णाला भरपूर ऑक्सिजन चालू असेल तर सीएसएफचा टी-वन बदलून ते फ्लेअरमध्ये पूर्ण विझत नाही, आणि मेंदूच्या आवरणाला संसर्ग असल्याचा किंवा तिथे रक्त असल्याचा आभास होतो.

आपल्याकडे या पद्धतींना खास महत्त्व आहे, कारण भारतात फिट येऊन तपासणीला आलेल्या रुग्णाच्या मेंदूत क्षयाची गाठ किंवा फीतकृमीच्या अळीची पुटी सापडणे दुर्मीळ नाही. ताज्या पुटीतला द्रव सीएसएफसारखाच वागतो : टी-वनला काळा, टी-टूला पांढरा, फ्लेअरला पुन्हा काळा, आणि त्यात अळीचे डोके ठिपक्यासारखे दिसते. क्षयाची घट्ट झालेली गाठ मात्र टी-टूला मधोमध काळपट राहते. एकाच वेळेच्या चित्रावरून हे दोन्ही वेगळे करणे अवघड. वेगवेगळ्या वेळांना दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की उपचाराची दिशा ठरायला मदत होते.

घाईचा हिशेब

हानच्या प्रतिध्वनीवर चालणाऱ्या साध्या स्पिन-एको पद्धतीत प्रत्येक टीआरला चित्राची एकच ओळ भरते. टीआर २००० आणि ओळी २५६ म्हणजे ५१२ सेकंद, साडेआठ मिनिटे, आणि तेवढा वेळ रुग्णाने हलायचे नाही. दुखऱ्या पाठीच्या माणसाला, घाबरलेल्या मुलाला हे कठीण असते.

जर्मनीत फ्रायबर्गच्या युर्गन हेनिग यांनी १९८६ मध्ये यावर उपाय काढला : एका स्पंदानंतर एकामागून एक अनेक प्रतिध्वनी उठवायचे आणि प्रत्येकाने वेगळी ओळ भरायची. सोळा प्रतिध्वनी घेतले तर टीआर ४००० असूनही २५६ ओळी ६४ सेकंदांत भरतात. आजची बहुतेक टी-टू चित्रे याच पद्धतीने घेतली जातात. पण आता टीई एक राहत नाही. सोळा वेगवेगळे टीई एका चित्रात मिसळतात आणि मधल्या ओळींचा टीई नावापुरता पुढे येतो. बारीक कडा थोड्या धूसर होतात. टी-टू चित्रात चरबी पूर्वीपेक्षा उजळ दिसते, म्हणून ती दडपणे गरजेचे होते. आणि जुन्या रक्तस्रावातल्या लोहाचे काळे ठसे फिके पडतात.

ते ठसे पाहायला ग्रेडियंट-एको लागते. १९८५-८६ मध्ये गॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत अॅक्सेल हासे, येन्स फ्राम आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या फ्लॅश पद्धतीने इथे टीआर सेकंदांवरून काही मिलिसेकंदांवर आणला. चुंबकत्व ९० अंशांनी न कलवता थोडेसेच कलवायचे. किती, याचे गणित रिचर्ड अर्न्स्ट यांच्या नावाने ओळखले जाते. टीआर १० मिलिसेकंद असेल तर श्वेतद्रव्यातून सर्वांत जास्त सिग्नल सुमारे १० अंशांना मिळतो. म्हणजे इथे कोन हाही वेळेइतकाच फरक ठरवतो. या पद्धतीत हानचा दुरुस्ती करणारा स्पंद नसल्याने चुंबकीय असमानता जशीच्या तशी दिसते, आणि सिग्नल टी-टू-स्टार या आखूड काळाने विरतो. मेंदूतले सूक्ष्म रक्तस्राव म्हणूनच इथे काळे ठिपके होऊन दिसतात.

दोन-तीन मिलिसेकंदांत काय काय दडलेले असते याचे सुंदर उदाहरण म्हणजे यकृत. चरबी आणि पाणी यांचे प्रोटॉन किंचित वेगळ्या वारंवारतेने फिरतात. १.५ टेस्लाला सुमारे २.३ मिलिसेकंदांनी ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला येतात आणि ४.६ ला पुन्हा एकत्र. या दोन टीईंना घेतलेली चित्रे शेजारी ठेवली, आणि पहिल्यात यकृत काळवंडले, तर त्यात चरबी साचली आहे. एकही सुई न टोचता हे कळते.

वय, चुंबक आणि औषध

प्रौढांसाठी बसवलेले आकडे नवजात बाळाला लावले तर चित्र फसवे येते. बाळाच्या मेंदूत पाणी जास्त आणि मज्जातंतूंवरचे मायलिन कमी. टी-वन, टी-टू दोन्ही लांब. त्याच्या चित्रात श्वेत आणि करड्या द्रव्याच्या छटा प्रौढांच्या उलट दिसतात. टी-वन चित्र वर्षभरात आणि टी-टू चित्र साधारण दोन वर्षांत प्रौढांसारखे होत जाते. म्हणून बाळासाठी टीआर आणि टीई दोन्ही वाढवावे लागतात, आणि वाचणाऱ्याला वयाचा आठवडा न् महिना माहीत असावा लागतो.

चुंबक बदलले तरी हेच. ३ टेस्लाला टी-वन लांबतो, टी-टू थोडा घटतो, चरबी-पाण्याचे ते दोन क्षण निम्म्या वेळेवर येतात, आणि स्टरचा टीआय वाढवावा लागतो. १.५ टेस्लाचा प्रोटोकॉल तसाच नव्या यंत्रावर चढवला तर महागडे चुंबक असूनही टी-वनचा फरक कमी मिळू शकतो.

औषधाची गोष्ट हृदयात सर्वांत स्पष्ट होते. झटक्यानंतर स्नायूचा कोणता भाग मेला हे पाहायला गॅडोलिनियम देऊन दहा-पंधरा मिनिटे थांबतात. मेलेल्या भागात औषध साचून राहते. मग टीआय असा निवडतात की निरोगी स्नायू अगदी काळा पडावा आणि व्रण पांढरा उजळावा. पण औषध रक्तातून धुतले जात असते, म्हणून योग्य टीआय मिनिटागणिक सरकत जातो. टेक्निशियन आधी वेगवेगळ्या टीआयची झलक घेतो आणि त्यातून नेमका आकडा निवडतो. तो फार आखूड निवडला तर निरोगी स्नायू उजळ आणि व्रण काळा, असे चित्र उलटेही होऊ शकते. इथे निदानाची गुणवत्ता यंत्राइतकीच टेक्निशियनच्या नजरेवर अवलंबून असते, आणि या कौशल्याला आपण पुरेसा मान देत नाही.

वेळेचे चित्र, आजाराची वेळ

पक्षाघातात तर चित्रांच्या वेळांवरून आजाराची वेळ ओळखता येते. रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांतच पेशी फुगतात आणि पाण्याची हालचाल अडते. ही हालचाल टिपणाऱ्या डिफ्यूजन चित्रात तो भाग उजळतो. मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे मांजरांवरील प्रयोगांत दाखवले. फ्लेअरमध्ये उजळायला मात्र काही तास जावे लागतात, कारण टी-टू लांबवणारे जास्तीचे पाणी हळूहळू साचते. झोपेतून उठल्यावर अर्धांग झालेला रुग्ण आला आणि डिफ्यूजनमध्ये डाग आहे पण फ्लेअरमध्ये नाही, तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. युरोपातल्या ‘वेक-अप’ चाचणीत अशा रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ९० दिवसांनी औषध मिळालेल्यांपैकी ५३.३ टक्के रुग्ण चांगल्या स्थितीत होते, न मिळालेल्यांपैकी ४१.८ टक्के. रक्तस्रावाचे प्रमाण औषधाच्या गटात थोडे अधिक होते. वेळांची निवड थेट उपचार ठरवते याचा याहून ठोस पुरावा शोधावा लागणार नाही.

मात्र डिफ्यूजनचा टीईही लांब असतो. त्यामुळे जुन्या आजारातला लांब टी-टू तिथेही पांढरा दिसून ताज्या झटक्याचे सोंग घेऊ शकतो. सोबतचा, पाण्याची हालचाल मोजून दाखवणारा एडीसी नकाशा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो, तो याचसाठी.

पुन्हा आकड्याकडे

गेल्या दोन दशकांत क्षेत्र पुन्हा दमादियन यांच्या मूळ प्रश्नाकडे वळले आहे, पण अधिक नम्रपणे. आता सर्व रोगांसाठी एक आकडा कोणी शोधत नाही. एका अवयवातल्या एका प्रश्नासाठी आकडा मोजतात. सर्वांत भरीव यश थॅलेसेमियात आले. वारंवार रक्त दिल्याने या रुग्णांच्या हृदयात लोह साचते आणि टी-टू-स्टार घटतो. लंडनमधल्या गटाने २००१ मध्ये दाखवले की हृदयाचा टी-टू-स्टार २० मिलिसेकंदांखाली गेला की लोह साचू लागल्याचे समजावे; १० च्या खाली धोका फार वाढतो. लोह काढणाऱ्या औषधाची मात्रा या आकड्यावर ठरवता येते. थॅलेसेमियाची मुले भारतात, महाराष्ट्रातही, मोठ्या संख्येने आहेत. हा एक आकडा त्यांच्यासाठी आयुष्याचा प्रश्न आहे.

२०१३ मध्ये क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातल्या डॅन मा, मार्क ग्रिसवोल्ड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एमआर फिंगरप्रिंटिंग मांडले. यात टीआर आणि कोन मुद्दाम सतत बदलत ठेवतात, प्रत्येक ऊतीच्या प्रतिसादाचा आलेख आधी गणिताने तयार केलेल्या संग्रहाशी जुळवतात आणि टी-वन, टी-टू एकदमच मिळवतात. एकदा हे नकाशे हाती आले की कोणत्याही टीआर-टीईचे चित्र संगणकावर नंतर बांधता येते. दिशा आश्वासक आहे. पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर तोच आकडा तसाच मिळणे अजून सोपे झालेले नाही, आणि बांधलेल्या चित्रांत, विशेषतः फ्लेअरमध्ये, खोटे डाग दिसू शकतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेने गोंगाट कमी करून चित्रे लवकर घेण्याची सोयही आता अनेक यंत्रांत आली आहे. तिचे स्वागत करावे, पण तिची हद्द ओळखून. संगणक कमी ओळींवरून पूर्ण चित्र जुळवू शकतो. सीएसएफचा चार सेकंदांचा टी-वन मात्र तो कमी करू शकत नाही. वाचलेली मिनिटे टीआर कापून मिळवली असतील तर जो फरक टिपलाच गेला नाही तो नंतर प्रामाणिकपणे भरून काढता येत नाही.

मग काय करावे

या साऱ्या आढाव्यातून एक गोष्ट ठामपणे निघते. एमआरआयचा दर्जा टेस्लाच्या आकड्यावर किंवा स्कॅन किती मिनिटांत आटोपला यावर मोजू नये. विचारलेल्या प्रश्नाला योग्य वेळा निवडल्या का, हा खरा निकष आहे. त्यासाठी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांनी ‘एमआरआय ब्रेन’ एवढ्यावर न थांबता शंका काय आहे ते लिहायला हवे, कारण फिटसाठी, पक्षाघातासाठी आणि नवजात बाळासाठी लागणाऱ्या वेळा वेगळ्या असतात. केंद्रांनी आपले प्रोटोकॉल वय, चुंबक आणि आजार यांनुसार लिहून ठेवावेत, आणि गर्दीच्या दिवशी कोणता सिक्वेन्स, म्हणजे चित्राचा प्रकार, वगळता येईल व कोणता मुळीच नाही हे आधी ठरवावे. टेक्निशियनच्या प्रशिक्षणात बटणांच्या क्रमाबरोबर या वेळांचे कारणही शिकवले जावे.

रुग्णाच्या हातातही एक गोष्ट आहे : फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. प्रत्येक चित्राचे टीआर, टीई आणि टीआय त्या फाइलमध्ये नोंदलेले असतात. सहा महिन्यांनी गाठ वाढली की कमी झाली हे ठरवताना दोन्ही वेळची चित्रे एकाच वेळांना घेतलेली असणे गरजेचे असते, आणि मागचे आकडे हाती असतील तरच पुढच्या केंद्राला ते जुळवता येतात. असे जुळवले तरच चित्रात दिसलेला बदल आजारातला बदल म्हणून वाचता येतो.